उतरलेला खांदा

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या जिन्याखाली एक शिलाई मशीन आहे आणि त्यावर टेलरकाका बसतात. गेल्या डिसेंबरात मी त्यांना एक प्रिंट दाखवायला नेली. दुसऱ्या मजल्यावरच्या पोस्टमनकाकांचा फोटो, आठ बाय दहा इंच, कृष्णधवल. वर्षभरात मी काढलेल्या सगळ्या फोटोंत मला तो सरस वाटत होता. फोकस डोळ्यांवर नेमका बसला होता, दोन्ही बुबुळांत गॅलरीच्या उजेडाची छोटीशी चौकट चमकत होती, मागे दाराच्या आतला काळोख. आमच्या फोटोवाल्या मित्रमंडळींनीही नावाजला होता.

टेलरकाकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, प्रिंट ट्यूबच्या उजेडात धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चेहरा अगदी त्याचाच आलाय. पण हा खांदा कुणाचा गं?"

मला कळेना. त्यांनी प्रिंटवर बोट न टेकवता वरच्या वर दाखवलं. "तेवीस वर्षं त्याचे शर्ट शिवतोय मी. डावा खांदा अर्धा इंच उतरलाय त्याचा. टपालाची पिशवी होती ना त्या बाजूला. कटिंगलाच मी तेवढा उतार देतो, नाहीतर कॉलर एकीकडे ओढते. इथे दोन्ही सारखे कसे?"

दोन्ही सारखे होते, कारण फोटो काढायच्या आधी मी म्हटलं होतं, "काका, जरा सरळ बसा."

तीन शब्द. कुणाचाही फोटो काढताना ते तोंडातून आपोआप निघतात. आणि पोस्टमनकाका आयुष्यभर साहेबांचं ऐकत आलेले, त्यांनी माझंही ऐकलं. छाती पुढे काढली, खांदे उचलून एका रेषेत आणले. चौतीस वर्षं गिरगाव, ठाकूरद्वार, खेतवाडीचे जिने चढून-उतरून जे त्यांच्या अंगावर लिहिलं गेलं होतं, ते मी एका सूचनेत पुसून टाकलं होतं. आमच्यातल्या कुणालाही ते दिसलं नाही. दिसलं ते शर्ट शिवणाऱ्याला.

त्या दिवसापासून ओळखीच्या माणसाचा फोटो काढणं आणि त्यावर बोलणं, या दोन्हीकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले आहे.

आधी आमची गॅलरी सांगते, कारण माझे बहुतेक फोटो तिनेच ठरवलेत. ती चार फूट रुंद आहे. एका बाजूला खोल्यांची दारं, दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा. माणूस भिंतीला टेकला आणि मी कठड्याला पाठ लावली, की लेन्स आणि नाक यांच्यात उरतात जेमतेम तीन फूट. याहून मागे जायचं तर खाली अंगणात. म्हणून पस्तीस मिलिमीटरची लेन्स. माझ्या लहान सेन्सरच्या जुन्या कॅमेऱ्यावर तिच्यात डोक्यापासून छातीपर्यंतचा माणूस मावतो. पंच्याऐंशीची लेन्स पोर्ट्रेटसाठी उत्तम असं सगळीकडे सांगतात, पण आमच्या गॅलरीत तिच्यातून जेमतेम चेहरा येतो.

लेन्समुळे नाक मोठं दिसतं असा समज आहे. खरं तर ते अंतरामुळे. नाकाचं टोक आणि कान यांत चार-पाच इंचांचं अंतर असतं. एका फुटावरून फोटो काढला, तर नाक बारा इंचांवर आणि कान सोळा-सतरा इंचांवर. एवढ्या फरकानं नाक फुगतं आणि कान मागे पळतात. तेच चार फुटांवरून काढला, तर अठ्ठेचाळीस आणि बावन्न. फरक जवळजवळ बुजतो आणि चेहरा आपल्या ओळखीचा दिसतो. लेन्स कुठलीही लावा, त्याच जागेवरून चेहऱ्याचं प्रमाण तेच राहतं. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत आपण आपल्यालाच परके वाटतो त्याचं कारण हेच. तेवढ्या जवळून आपल्याला आई सोडून फारसं कुणी पाहिलेलं नसतं.

तीन-चार फूट हे आमच्या चाळीतलं बोलण्याचं अंतर आहे. नळावर, जिन्यात, वाटीभर साखर मागताना आम्ही एकमेकांना तेवढ्यावरूनच बघतो. म्हणून त्या अंतरावरून काढलेला फोटो आमच्या माणसांना पटतो. मी लांबून, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून झूमने काढलेले फोटो त्यांना दाखवले, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "हा कुणी काढला?" मीच काढले होते. पण त्यांच्या लेखी ते कुणी तरी परक्याने काढलेले होते.

उजेडाचंही असंच. माणसाला उंबऱ्याच्या आत एक हातभर बसवलं की गॅलरीतला मऊ उजेड समोरून तोंडावर येतो आणि मागची खोली आपोआप काळोखात जाते. स्टुडिओत मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडचा दिवा, लावून जे करतात, ते चाळीचं दार फुकटात करतं. पावसाळ्यात तर सगळं आभाळच पांढरी चादर होऊन जातं. जुलै-ऑगस्टमध्ये मी सर्वांत जास्त फोटो काढते. मे महिन्यात दुपारी कॅमेरा काढतच नाही. मेच्या मध्यावर मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, साडेबाराच्या सुमाराला सूर्य थेट टाळूवर. त्या उन्हात अंगणात उभं केलेल्या कुठल्याही माणसाच्या डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात आणि नाकाखाली मिशीसारखी सावली येते. आईचा असा एक फोटो माझ्याकडे आहे. तो मी कुणाला दाखवत नाही.

आता मंडळींबद्दल. आम्ही पाच जण दर पंधरवड्याला, रविवारी सकाळी, एकाच्या दादरच्या घरी जमतो. फोनवर फोटो दाखवायचा नाही, प्रिंट आणायची. चार बाय सहाची चालेल, पण कागदावर हवी. जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर फोटो, आणि ज्याचा फोटो त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा नियम सुरुवातीला फार जाचतो. आपण काय म्हणत होतो ते सांगायला जीभ वळवळते. पण आपण शेजारी उभं राहून समजावल्याशिवाय फोटो काही सांगत नसेल, तर ते आपल्याला इथेच कळायला हवं.

"छान" या शब्दाला आमच्यात बंदी नाही, पण तो म्हणणाऱ्याला लगेच "काय छान?" असं विचारलं जातं. पहिल्या वर्षी आमची चर्चा सगळी वरवरची होती. हायलाइट उडालेत, म्हणजे उजळ भाग नुसते पांढरे झालेत. डोक्यातून खांब निघालाय. हात मनगटाशी कापलास, सांध्यावर कापू नये. या सूचना खऱ्या आहेत, शिकायलाच हव्यात. खांब डोक्यातून निघाला की बघणाऱ्याची नजर खांबावर जाते, माणसावर राहत नाही. पण या साऱ्या चुका टाळूनही फोटो रिकामा निघू शकतो, हे बोलायला आम्हाला वेळ लागला.

टीका हा शब्द आपण हल्ली फक्त दोष काढण्यासाठी वापरतो. पण मराठीत त्याचा जुना अर्थ उलगडून सांगणं असा आहे; ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच. मला फोटोवर तशी टीका हवी असते. माझ्या चित्रात काय आहे ते मला दिसलेल्यापेक्षा जास्त दाखवणारी.

तळमजल्यावर पोळीभाजीचं काम करणाऱ्या एक काकू आहेत. सकाळी साडेसहाला तवा चढतो. मी त्यांचा वाफेतला फोटो काढला होता: तव्यावर पोळी टम्म फुगलेली, वर वाफेचा लोट, वाफेत काकूंचा अर्धा चेहरा. मला वाटत होतं, फार सुंदर. सतरंजीवर ठेवल्यावर आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी मैत्रीण म्हणाली, "पोळी दिसली, वाफ दिसली. काकू घरी नव्हत्या का?"

मला लागलं ते. घरी जाऊन मी तीन सकाळी कॅमेरा न घेता काकूंच्या दाराशी बसले. तिसऱ्या दिवशी दिसलं. काकू पोळ्या तोंडाने मोजत नाहीत. ओठ बारीक हलतात, पण मोजदाद चालते डाव्या हातावर. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावरून वर सरकत जातो, मग अनामिकेवर, मग मधल्या बोटावर, शेवटी तर्जनीवर. दहा झाल्या की चळतीत वर्तमानपत्राचा एक कपटा, आणि अंगठा पुन्हा करंगळीच्या पायथ्याशी. मधे कुणी काही विचारलं तर उत्तर देतात, हसतात, ओरडतातही, पण अंगठा आपली जागा सोडत नाही. चौथ्या दिवशी मी तो फोटो काढला. उजवा हात लाटण्यावर, डाव्या हाताचा अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर, आणि काकू दाराबाहेर कुणाला तरी काहीतरी ठणकावून सांगताहेत. वाफ नाही. त्या दिवशी बत्तीस डबे होते.

त्या फोटोचा पहिला प्रयत्न काळपट आला, तेही सांगते, कारण ही चूक आपल्याकडे सर्रास होते. काकूंच्या मागे चुन्याची पांढरी भिंत आहे. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं असणार असं धरून चालतं. भिंत पांढरी दिसली की ते उजेड कमी करतं आणि भिंतीपुढचा सावळा चेहरा आणखी बुडवतं. उपाय साधा आहे: मीटर चेहऱ्यावरून घ्यायचं, किंवा हाताने एक स्टॉप वाढवायचा, म्हणजे उजेड दुप्पट घ्यायचा. भिंत थोडी उडाली तर उडू द्यावी. भिंतीचा फोटो काढायला आपण आलेलो नसतो.

फोन याच्या उलट टोकाला जातात. कित्येक फोन न विचारता चेहरा उजळ करतात, गाल इस्त्री केल्यासारखे करतात, वयाच्या रेषा पुसतात. याला मोठा इतिहास आहे. कोडॅकच्या फिल्मवरचे रंग बरोबर छापले जाताहेत का हे तपासायला प्रयोगशाळांत एक कार्ड वापरायचे, त्याला शर्ली कार्ड म्हणत, आणि त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असे. तिची कांती नीट आली की रंग नीट. गडद कातडीची माणसं त्या मापात बसत नव्हती, हे त्या धंद्याने मनावर घेईपर्यंत कित्येक वर्षं गेली. काकूंच्या प्रिंट्स मी एका लॅबमध्ये दिल्या, तर तिथल्या मशीनने त्या आपणहून दोन छटा गोऱ्या करून दिल्या. मी भांडले, पुन्हा छापून घेतल्या, सोबत कागदावर लिहून दिलं की रंगाला हात लावू नका. लॅबवाल्याला खरंच वाटत होतं की त्याने मेहेरबानी केली.

अर्थात सगळ्यांनाच खरा रंग हवा असतो असं नाही. आमच्याकडची एक पूर्ण पिढी गौतम राजाध्यक्षांनी काढलेले नटनट्यांचे चेहरे मासिकांतून पाहत मोठी झाली. तो मऊ, उजळलेला, स्वप्नातला प्रकाश. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी मला स्पष्ट सांगितलं, "तसा काढ, नाहीतर काढू नको." मी मनापासून प्रयत्न केला, खिडकीला पांढरी साडी बांधून. त्यांना आवडला, मलाही आवडला. माणसाला स्वतःला जसं दिसावंसं वाटतं, तेही त्याच्याबद्दलचं सत्यच असतं, आणि ते मागायचा त्याला हक्क आहे. मशीनने कुणालाही न विचारता केलेलं गोरंपण आणि वहिनींनी मागून घेतलेली चमक यांत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

एक गोष्ट मला सतरंजीवरच समजली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांचा फोटो मी आणला होता, कोळशाची इस्त्री, निखाऱ्यांचा उजेड हनुवटीखाली. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, "इस्त्रीवाला, गिरगाव." यजमान मित्र आतून एक छापील चित्र घेऊन आला. आपल्या मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रकारांची सोसायटी निघाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी त्या काळात फोटोग्राफीत रमलेले. त्याच सुमाराला विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जाती-जमातींचे फोटो काढले आणि १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. माणसं एकीकडे उभी करून टिपायची आणि त्यांच्यामागे दुसरीकडचा देखावा जोडायचा, अशी ती कारागिरी. मित्राने आणलेलं चित्र त्यातलंच; खाली जातीचं, जमातीचं नाव. त्या चित्रातली माणसं मला थेट बघत होती. त्यांना घरी काय नावानं हाक मारायचे ते त्या पानावर नव्हतं.

मित्र काही बोलला नाही, चित्र फक्त माझ्या प्रिंटशेजारी ठेवलं.

मी दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्यांना त्यांचं नाव विचारलं. सतरा वर्षं ते आमचे कपडे नेताहेत. त्यांनी गावाचंही सांगितलं, मुलीच्या कॉलेजचंही, आणि माझ्या हातातली प्रिंट घेऊन बराच वेळ बघून म्हणाले, "दीदी, इसमें मैं गुस्से में लग रहा हूँ. मैं तो गिन रहा था." मी ज्याला करारी मुद्रा समजत होते, ती कपडे मोजण्याची मुद्रा होती. काकू बोटांवर मोजतात, हे भुवयांवर. हे मला त्यांनी सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

म्हणून आता माझा नियम असा: प्रिंट आधी त्या माणसाला, मग सतरंजीवर. तो नको म्हणाला की विषय संपला, फाइलसुद्धा पुसायची. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तीन फोटो नाकारले. तिन्ही मला प्रिय होते. चौथ्यांदा मी विचारलंच नाही. त्या गॅलरीत गहू निवडत बसतात तेव्हा मी शेजारी बसते आणि खडे काढते.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी काढलेले मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मनात पहिला प्रश्न आला की हा माणूस त्यांच्याबरोबर किती दिवस राहिला असेल. त्या फोटोंत कुणीही कॅमेऱ्यासाठी सरळ उभं राहिलेलं नाही. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला फार आनंद झाला. नुसत्या तंत्राने तिथवर पोचता येत नाही. तिथे रोज जावं लागतं, वास सहन करावा लागतो, चहा प्यावा लागतो. मी तर त्याच चाळीत जन्मले, आणि तरी मला पोस्टमनकाकांचा खांदा दिसला नव्हता. रोज बघितल्याने दिसतं असंही नाही, हे मला जास्त बोचतं. टेलरकाका बघतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काम असतं: कापड कुठे ओढेल, कुठे सैल पडेल. त्यांच्या नजरेला चुकण्याची मुभा नाही, चुकलं तर शर्ट बिघडतो. माझी नजर चुकली तर एक बरा फोटो निघतो, आणि लोक तो नावाजतात.

पोस्टमनकाकांना मी पुन्हा विचारायला गेले. आधीचा फोटो त्यांच्या घरात फ्रेम करून लागलासुद्धा होता. ते म्हणाले, "अगं, तो झालाय की छान." मी खांद्याचं सांगितलं. ते हसले आणि नकळत उजवा हात डाव्या खांद्यावर नेला. पोस्टमनकाकू आतून म्हणाल्या, "रात्री तोच दुखतो. मी तेल लावते." मग काका सांगत बसले. दिवाळीच्या आसपास पिशवी सगळ्यात जड व्हायची, शुभेच्छापत्रं आणि दिवाळी अंक, अंकांचा तर पट्टा खांद्यात रुतायचा. मनीऑर्डरींचे दिवस वेगळे, तेव्हा पिशवी हलकी आणि जबाबदारी जड. कुठल्या इमारतीचा जिना किती पायऱ्यांचा ते अजून त्यांना पाठ आहे.

संक्रांतीच्या आधी काकांना नवा शर्ट शिवायचा होता. मी टेलरकाकांकडे आधीच जाऊन विचारलं, माप घेताना थांबू का? ते म्हणाले, थांब, पण मधे येऊ नको.

जिन्याखाली उजेड ट्यूबचाच. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर वेगाने मारलं तर काही फ्रेम अंधाऱ्या, काही पिवळट येतात. म्हणून शटर सेकंदाच्या एक शतांशावर बांधून ठेवलं आणि श्वास रोखून उभी राहिले. टेलरकाकांनी टेप काकांच्या मानेमागून टाकली, अंगठ्याने मानेच्या मुळाशी दाबली आणि दुसऱ्या हाताने खांद्याच्या टोकापर्यंत सरकवली. आधी उजवा, मग डावा. डाव्याशी त्यांची बोटं क्षणभर थांबली, तिथे काही वहीत लिहायचं नव्हतं, आकडा त्यांना माहीत होता. काकांनी डोळे मिटले होते. खांदे दोन्ही आपापल्या जागी होते.

सतरंजीवर त्या फोटोत चार चुका निघाल्या. टेलरकाकांचं डोकं वरून कापलं गेलंय. मागच्या मीटरबॉक्सची वायर काकांच्या कानातून निघते. एक शतांशला बोटं किंचित हलली आहेत. कोपऱ्यातली प्लॅस्टिकची निळी बादली नजर खेचते, कृष्णधवलमध्येसुद्धा. चारही बरोबर आहेत, वायर तर मला तेव्हाच दिसायला हवी होती. पुढच्या वेळी अर्धं पाऊल उजवीकडे. पण त्या वेळी सगळ्यात कमी बोलणाऱ्या मैत्रिणीने प्रिंट उचलली, जवळ धरली, लांब धरली आणि विचारलं, "यांचा हा खांदा असा का गं?"

मी नियमाप्रमाणे गप्प राहिले.

प्रिंट टेलरकाकांकडे नेली तेव्हा ते काज करत होते. सुई दातात धरून त्यांनी बघितली, मान हलवली आणि परत दिली. मग मी निघाले तशी मागून हाक मारली.

"बॅग कायम त्याच खांद्यावर घेतेस का?"

कॅमेऱ्याची बॅग. मी हो म्हटलं.

"मग बदलत जा बाजू. उजवा उतरायला लागलाय."

मी तिथेच पट्टा डाव्या खांद्यावर घेतला. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तो पुन्हा उजवीकडे आला होता.